डबल अक्षरं

प्रताप नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या रोशननं शेजारचा आवाज लगेच ओळखला. तो ज्या ऑफिसातले कंप्युटर सांभाळायचा, तिथल्याच सिंधूताई. डोळ्यांत थेंब घातले होते, म्हणून त्या डोळे मिटूनच लेकीशी बोलत होत्या.

"नोकरी काहून सोडून राहिली, आई?"

"अक्षरंच दिसत नाही वं. आठच्या जागी तीन टाकून देते मी."

"अन् ते कमांड? कागदावर लिहून दिली होती ना मी. टाइप केली का काळ्या स्क्रीनवर अक्षरं डबल."

"रोज सकाळी तेच टाकत होती. मंग आमच्या कंप्युटरवाल्यानं बंद करून टाकली. आता बारीकच येते."

"काहून?"

"म्हणे, एवढी मोठी अक्षरं पहिलीच्या पोराले लागतात. सगळे हसले. मीबी हसली."

रोशननं तोंडावरचा मास्क आणखी वर ओढला.

"सांगायचं ना त्याले, डोळ्याचं."

"हसल्यावर कसं सांगू?"

"रोशन मेश्राम," नर्सनं हाक मारली. तो उठला नाही, नुसती त्याची खुर्ची करकरली. तिनं पुन्हा हाक मारली.

सिंधूताईंनी मिटल्या डोळ्यांनीच मान त्याच्याकडे वळवली.

"जा ना गा, रोशन. नंबर गेला तर पुन्हा बसावं लागते."