घुसवून खेळलेला अंगठा

...आणि वर मलाच विचारतात, "काय, पूर्ण नव्वद मिनिटं खेळलीस का?" आता तुम्हीच सांगा, पाच महिन्यांची बाई, म्हणजे पाच महिन्यांपूर्वी बाळंत झालेली बाई, बघा, हल्ली वाक्यंसुद्धा माझ्या हातून निसटतात, तर अशी बाई मनगटात सुई टोचून घेऊन घरी येते, तिला कोणी असं विचारतं का? आमच्याकडे विचारतात. मला काही वाटत नाही म्हणा.

दुखणं काय, तर उजवा अंगठा. मुळापासून मनगटापर्यंत असा ठणकायचा की हिमेनाला पाळण्यातून उचलताना ती हसायची आणि मी रडायची. हिमेना माझी लेक. आठ किलो. नवरा ट्रक घेऊन ब्राझीलच्या सीमेकडे, त्यामुळे आठच्या आठ किलो माझ्या वाट्याला. आणि एके दिवशी काय झालं, ऐनवेळी अंगठ्यानं दगा दिला, पकड सुटली आणि पोर माझ्या हातातून वीतभर खाली सरकली. पडली नाही. पोटाशी अडकली. पण त्या दिवसापासून तीन आठवडे मी तिला उचललं नाही, तुम्हाला खरं वाटणार नाही. नेलिदा, माझी सासू, उचलते, माझ्या मांडीवर आणून ठेवते, मी पाजते, नेलिदा परत घेऊन जाते. मी म्हणजे घरातली दुधाची बाटली. बाटलीला कुठं काय वाटतं? मलाही काही वाटत नाही म्हणा. फक्त एवढंच, की ही पोर मला ओळखेनाशी होण्याआधी तिला एकदा माझ्या हातांनी उचलायचं होतं.

म्हणून डॉक्टरकडे गेले. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते, तेव्हा कागदावर अकरा प्रश्न लिहून नेले. दूध पाजलं तर चालेल का, शीर तुटेल का, कातडी पांढरी पडेल का... डॉक्टरीणबाईंनी अकराही उत्तरं दिली. मी पुन्हा पहिला प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, "अहो, आयांना होतंच हे. अंगठे वर करून, बगलेत हात घालून मूल उचलता ना? यापुढं हात असा बुडाखाली घालत जा. पाजा बिनधास्त. आता नीट ऐका. सुईत भुलीचं औषध मिसळलंय, त्यामुळे आत्ता काही वाटणार नाही. त्याला फसू नका. भूल उतरली की दुखेल. खरं औषध सावकाश काम करतं, आठवडा धरा. दोन दिवस या हातानं काही उचलायचं नाही." मी मान डोलावली. शिकलेली बाई आहे ना, मान फार छान डोलावते.

घरी आले तर दारातच वॉशिंग्टन. माझे सासरे. गाव नव्हे, माणूसच. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात माते नावाच्या आमच्या कडू चहाचा पेला, आणि पहिला प्रश्न, "घुसवलं?" कारण आमच्या मोंतेविदेओ शहरात या सुईला घुसवणंच म्हणतात, आणि सगळ्यांना हा शब्द डॉक्टरकडून नाही, फुटबॉलमधून कळलेला. अमका घोट्यात घुसवून खेळला, तमक्यानं गुडघ्यात घुसवून कप आणला. वॉशिंग्टन स्वतः चाळीस वर्षांपूर्वी गल्लीच्या संघात डावा बचावपटू. म्हणाले, "पोरी, उपांत्य सामन्याला माझ्या घोट्यात घुसवलं होतं, मी एकशेवीस मिनिटं खेळलो. घुसवलेला माणूस बाकावर बसून राहत नाही. दुखतंय का आत्ता?"

"नाही."

"मग उचल की."

आणि मी उचललं हो. रसायनशास्त्राच्या बाईनं. कारण खरंच काही वाटत नव्हतं. अंगठा दुसऱ्याच कोणाचा तरी असल्यासारखा, आहे ना जागेवर म्हणून मी अधूनमधून बघून घ्यायची. चार तास, चार तास पोरीला घेऊन मी समुद्राकाठी फिरले, आणि मागून वॉशिंग्टन माझं नाव घेत, रेडिओवाल्याच्या आवाजात, "नोएलियानं घेतली, उजव्या हातावर घेतली, काय ताबा आहे, काय ताबा आहे..." लोक थांबून बघत होते. मला काही वाटलं नाही. अंगठ्यालाही नाही. कागदावर लिहायचं तर सुखाचा दिवस होता तो. पण पोरीचं वजनसुद्धा कळत नव्हतं हो त्या हाताला...

जेवायला बसलो आणि भूल उतरली. काटा हातातून ताटात पडला. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"किती वेळ उचललं?"

"चार तास."

"कोणी सांगितलं होतं?"

"एका डाव्या बचावपटूनं."

"पुढच्या वेळी त्यालाच पाठवा," म्हणाल्या, आणि आठ दिवस पट्टा.

नेलिदा पट्टा बांधत होती आणि नवऱ्याकडे बघतही नव्हती. "त्या उपांत्य सामन्यात शेवटचा गोल कोणी मारला, ते सांगितलंस तिला?"

वॉशिंग्टननी पेल्यात पाणी ओतलं.

"सांग की. आपल्याच जाळ्यात कोणी मारला?"

"पायाला काही वाटत नव्हतं ना," वॉशिंग्टन म्हणाले.

परत आठ दिवस दुधाची बाटली. नवव्या दिवशी उठले, पट्टा काढला, अंगठा मुठीत घेऊन मनगट वाकवून बघितलं. नाही दुखलं. पाळण्यापाशी गेले, या वेळी हात पोरीच्या बुडाखाली घालून, सावकाश, डॉक्टरीणबाईंनी दाखवलं तसं उचललं. आठ किलो, वर थोडे ग्रॅम, सगळे कळले. हिमेनानं माझ्याकडे नीट बघितलं, आणि दोन्ही हात पसरून नेलिदाकडे झेपावली. मला वाटलं हो. आता खोटं कशाला बोलू, फार वाटलं.

मी म्हटलं, "घे, तुझ्याकडेच यायचंय तिला."

नेलिदा जागची हलली नाही. दोन्ही हात तिनं झग्याच्या खिशात घातले. "मी नाही घेत," म्हणाली. "चार दिवस झाले, माझाच अंगठा ठणकतोय. तुझ्यापुढं कुठं बोलू?"

मग काय. पोर तासभर रडली आणि दमून माझ्याच खांद्यावर झोपली. नेलिदाला गुरुवारची वेळ मिळालीये. तर असं आहे बघा, माझ्याच लेकीची आई म्हणून मला परत मैदानात घेतलंय, तेही बदली खेळाडू जखमी झाली म्हणून.