मळखाऊ वाकळ

दुष्काळाचं दुसरं वर्ष. कळंबच्या एसटी स्टँडवर तुळजापूरच्या गाडीची रांग. माझ्यापुढं एक माय आणि सासरी परत निघालेली तिची नवी लग्न झालेली लेक. मायनं जुन्या लुगड्यांचे तुकडे तिथंच जमिनीवर मांडले होते.

"बघ गं मुक्ते, मधी हिरवं, कडंनं तांबडं. कसं दिसंल?"

"हिरवं नगं, माय. सासू लगीच विचारती, पाळणा कवा हालायचा म्हणून."

"बरं, मग मधी तांबडं घेऊ?"

"तांबड्याचा रंग जातो."

"जायचा तेवढा गेला की दुष्काळी कामावर खडी फोडताना माज्या घामानं. मग पिवळं?"

"पिवळं मळतं. तामलवाडीत धुयाला पाणी कुठंय?"

"मग समदी मळखाऊच शिवू व्हय? नव्या नवरीची वाकळ, आन काळी-तपकिरी? जावई काय म्हणतील?"

"काई म्हणत न्हाईत."

"ह्यो निळा तुकडा तुज्या मामीचा. ह्येचे चौकोन करू का पट्ट्या?"

"कर काई बी."

"काई बी कसं? लग्नात द्यायची ऱ्हायली, तवापासून जीवाला चैन न्हाय माज्या. बघ तरी हिकडं!"

"गाडी लागली, माय. उचल ते."

"आदी सांग. हिरवं, तांबडं का निळं?"

"तुला आवडंल त्यो रंग घाल. फकस्त रुंदीला कमी कर."

"कमी? मग दोघांला कशी पुरंल?"

"एकटीपुरतीच कर."

मायनं लेकीच्या पिशवीचा बंद धरला.

"पिशवी सोड की, माय. कंडक्टर घंटी मारतोय."