रेरोडच्या हातचं तीर्थ

सभेचे अध्यक्ष मादे सुवेका, व्यासपीठावरचे पुजारीबुवा, ज्यांना आज निरोप द्यायचा त्या मेदान शहरातून आलेल्या इतिहासाच्या डॉक्टर तिउर्माबाई, आणि समोर बसलेल्या माझ्या विसरभोळ्या बंधुभगिनींनो,

ज्यानं त्यानं आपली पानसुपारी आणायची असं ठरलं होतं. आता सगळ्यांची नजर माझ्या डब्यावर. असल्या लोकांच्या आठवणींवर या बाईंनी वर्षभर अभ्यास केला, धीट म्हणायच्या.

आपल्या गावच्या सोसायटीत पहिला संगणक आला कसा आणि बंद पडला कसा, याचा इतिहास त्यांना लिहायचा होता. मी म्हटलं, "त्यात काय लिहायचंय? लांदेपच्या लोखंडपूजेला कोयते, मोटारसायकली पुजतो तसा तोही पुजला. माझ्या नणंदेनं, रेरोडनं, तीर्थ शिंपडलं आणि तो मेला. संपला इतिहास."

"आजी, एकाच्या तोंडचा इतिहास धरायचा नसतो. दुसऱ्याशी ताडून बघायचा."

मग घरोघरी एकेकाला वेगळं बसवून विचारायच्या काय, तर कोण काय जेवलं, कोणाचं पोर केवढं होतं. मला वाटलं, ही अभ्यास करते की सोयरीक जुळवते?

एकदा माझ्या चुलीपाशी बसल्या. "रेरोड पोटुशी होती, त्या गालुंगानच्या सणाला डुकराचे वाटे कोणी काढले?"

"मादेनं. कागदावर, जीभ बाहेर काढून. माझ्या वाट्याला खूर आले."

"वाट्यांचा हिशेब तर सोसायटीचा संगणक करायचा ना?"

"तो कापडाखाली. तो चालवायचा मादे, तो म्हणायचा, विश्रांती घेतोय."

"आणि तीर्थ शिंपडलं तेव्हा रेरोडचं ते पोर?"

"कडेवर," मी म्हणाले, आणि हातातलं खोबरं हातातच राहिलं.

आता तुम्हीच सांगा. पोर आधी पोटात असतं की कडेवर? म्हणजे यंत्र आधीच मेलेलं. तीर्थ पडलं ते मढ्यावर. हे आपल्यातल्या प्रत्येकाला अर्धंअर्धं ठाऊक होतं. तरी 'तीर्थानं मेला' म्हणत आपण इतकी वर्षं रेरोडला देवळातल्या तीर्थाच्या भांड्याला हात लावू दिला नाही. ते कडेवरचं पोर आता स्वतः आई झालंय, तिकडे खांबाशी आईशेजारी बसलंय. आईच्या हातचं तीर्थ त्यानं कधी घेतलेलं नाही.

अध्यक्षमहाराज, मान वर करा. सकाळी माझ्या दारात येऊन तूच म्हणालास ना मादे, "नवं यंत्र माझ्या हातून बिघडलं हे सांगायची लाज वाटली. लोक तीर्थाचं नाव घ्यायला लागले, मी गप्प राहिलो. आजी, सभेत तुम्हीच सांगा, माझ्याच्यानं होणार नाही." गप्प राहिलास, एवढंच; बाकीचं आम्हीच केलं. 

पुजारीबुवा, तुमच्यापुढचं ते तीर्थाचं भांडं रेरोडकडे द्या. तिउर्माबाई, निघण्याआधी तिच्या हातचं तीर्थ घ्या. तुमचा संगणक तेवढा पिशवीत घाला. नको, राहू द्या बाहेरच.

बाईंचे आभार, तुमचेही. अधिकउणं बोलले असेन तर पोटात घाला, जागा असेल तर.

आणि येत्या गालुंगानला मांस-खोबऱ्याच्या लावारचं पहिलं पान रेरोडच्या घरी पाठवा. ताजं, तिखट. मादे, ते तू स्वतः घेऊन जा. खूर नकोत.