बाळाच्या कानावर पडलेली अंगाई

कानाच्या दवाखान्यात आपलं ऐकण्याचं यंत्र तपासून घ्यायला एक आजीबाई आल्या होत्या. शेजारच्या बाकावरच्या नणंद-भावजयींचं बोलणं त्यांच्या कानावर पडत होतं. भावजयीच्या मांडीवर आठ महिन्यांचं बाळ होतं. त्याच्या कानांना नुकतीच यंत्रं लावली होती.

“वहिनी, आता गा की. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय ना, बोला, गाणी म्हणा, त्यातूनच तो शिकेल.”

“नको हो ताई.”

“अगं, आधी तर रोज गायचीस!”

“तेव्हा त्याला ऐकू येत नाही हे कुठे ठाऊक होतं? आता माझा आवाज आवडला नाही तर?”

“माझ्या दादाला तरी कुठे आवडतो? संसार चाललाच आहे ना?”

“चेष्टा नको, ताई. मी गायले आणि तो नुसता बघतच राहिला तर? न गाता निदान आशा तरी राहते.”

“माझा हात धर. आता गा.”

भावजयीने कापऱ्या आवाजात अंगाई धरली. बाळाने डोळे विस्फारले, ओठ काढले आणि भोकाड पसरलं. ती घाबरून थांबली, तसं तेही थांबलं.

“ताई, गाण्याला रडला का हो?”

“तुझ्याच गाण्याला! म्हण वहिनी, पुन्हा म्हण! रडव त्याला!”