मागून लोळत येणारा

लेक : हादरे मोजायच्या यंत्राखाली हे काय घातलंयस, आई?

आई : दुपटी. धुतलेली आहेत, नाक मुरडू नकोस.

लेक : कधीपासून?

आई : फरशी पुसताना तुझं ते प्लास्टर सुटलं, तेव्हापासून. खाणीत सुरुंग उडाला की बिचारं उघड्या फरशीवर टणाटण उडायचं. तूच बजावलं होतंस ना, महागाचं आहे, जिवापाड जप म्हणून? पोरीची दुपटी घातली, तर गप झालं.

लेक : अगं, त्याने गप राहायचं नव्हतं. जमीन हलेल तेवढं त्याने हलायचं, म्हणून तर फरशीला चिकटवलं होतं. आणि मी खुळी, आकडे उतरले म्हणून खूश. खाणीत लिहून दिलं, खालच्या घरांना हादरा पोचत नाही, सुरुंग वाढवायला हरकत नाही.

आई : पोचत नाही? मग भिंतीला ही भेग कोणी पाडली, मांजराने?

लेक : माझा फोन दे. आजचा सुरुंग दुप्पट आहे.

आई : जावईबापूच उडवणार ना?

लेक : तोच. माझ्या आकड्यांवर भरवसा ठेवून. उचल रे, उचल.

नवरा (फोनवर) : बोल पटकन. भोंगा द्यायचाय.

लेक : देऊ नकोस. आईच्या घरचे माझे सगळे आकडे चुकलेत. यंत्र मऊ कापडावर बसलं होतं.

नवरा : भोकं भरून झाली. भरलेली दारू परत काढता येत नाही, तुला माहितीये.

लेक : काढू नकोस. फक्त एकदम उडवू नकोस. एकेक रांग घे. पहिलीचा हादरा ओसरला की दुसरी. एकात एक मिसळले तर हे घर राहायचं नाही.

नवरा : सगळी जोडणी बदलावी लागेल. आणि साहेब इथेच उभे आहेत. काय सांगू? यंत्र बिघडलं होतं म्हणू?

आई : सांगा, सासूने गाढवपणा केला.

लेक : आई, तू थांब. यंत्र बसवल्यावर मी परत बघायला आले नाही, असं सांग. माझं नाव घेऊन.

नवरा : काम जाईल तुझं.

लेक : भेग पडलेल्या भिंतीलाच लागून पोरीचा पाळणा आहे, अरे.

नवरा : बदलतो जोडणी. पोरीला उचल. सगळ्या अंगणात थांबा, मी सांगेपर्यंत आत पाऊल टाकू नका.

(अंगण. आई आणि लेक, लेकीच्या कडेवर झोपलेली पोर. खाणीचा भोंगा वाजून थांबतो.)

आई : आला गं. आधी तळपायाला मुंग्या, मग दार खडखडलं.

लेक : मुंग्या आणतो तो पुढे धावणारा हादरा, तो काही करत नाही. मागून लोळत येतो ना, तो भिंती धरतो.

आई : मग लोळून गेला की. दारच तेवढं वाजलं.

लेक : एका रांगेचा एवढाच. आत नको जाऊस, अजून पुष्कळ यायचेत.

आई : साहेबांचा फोन?

लेक : तोही यायचाय.

आई : पोरीला माझ्याकडे दे. तुझा फोन वाजला की जागी होईल ती.