मार्चमधला पारा

(बंदरावरची वेधशाळा. दुपारचा एक. मुलगी ड्यूटीवर आहे. बाबा, इथलेच निवृत्त निरीक्षक, तिचा डबा घेऊन आलेत.)

मुलगी : वायुदाबमापकाला टिचकी मारून झाली, बाबा. दोनदा. पारा तिथेच. नऊशे नव्वद मिलिबार.

बाबा : आणि सकाळी आठला?

मुलगी : एक हजार नऊ. पाच तासांत एकोणीस! नळीच बिघडली असणार. कचेरीतले साहेबही तेच म्हणाले, मार्चमध्ये एवढा उतरत नाही, यंत्र तपासा.

बाबा : वादळाचा लाल बावटा चढव.

मुलगी : काहीतरीच काय! बाहेर बघा, ऊन कसं लख्ख पडलंय, पान हलत नाही. शिमग्यासाठी बांधून ठेवलेल्या बोटी आज पहिल्यांदा सुटणार. चाळीस बोटी! सगळं गाव धक्क्यावर जमलंय.

बाबा : म्हणूनच म्हणतोय.

मुलगी : मागच्या आठवड्यात चढवला होता ना? थेंब पडला नाही. तेव्हापासून मासळीवाल्या मला बघितलं की छत्री उघडतात मेल्या! आज पुन्हा चुकले तर यापुढे माझा बावटा कुणी बघणारसुद्धा नाही.

बाबा : अगं, पण पारा...

मुलगी : उगाच नाही बोलत मी. सकाळपासून जुन्या वह्या काढून बसलेय. हे बघा, सत्तेचाळीसचा मार्च. शाळेचं छप्पर उडालं, पारा उतरला होता आठ. त्रेसष्ट. लिंबाएवढ्या गारा, गुरं मेली, पारा सात. आणि अठ्ठ्याहत्तरचं तुमचं वादळ. अकरा बोटी बुडाल्या, आपला मामा गेला. त्या दुपारी तर फक्त तीन! तुमच्याच अक्षरात आहे. मग आज एकोणीस कसा उतरेल?

बाबा : मिट ती वही.

मुलगी : का? थांबा, फोन वाजतोय. हॅलो?

बंदरमास्तर (फोनवर) : ताई, दोर सोडायला घेतोय. तुमचं काही म्हणणं? की आजही छत्र्या काढू?

मुलगी : दहा मिनिटं द्या, मास्तर.

बंदरमास्तर : अहो, माणसं इंजिनं सुरू करून बसलीत. भरती काय तुमची वाट बघणार आहे?

मुलगी : दहा मिनिटं म्हटलं ना! ठेवते.

बाबा : अठ्ठ्याहत्तरला तीन नव्हता उतरला.

मुलगी : इथे लिहिलंय की.

बाबा : मीच लिहिलंय. नळीत एकवीस उतरला होता. मलाही वाटलं, यंत्र बिघडलं. नोंदीची जागा कोरी ठेवली तर साहेब ओरडणार. मग आदल्या दिवसांचे आकडे बघितले आणि त्यांच्याशी जुळेल असा एक घातला.

मुलगी : मनाने?

बाबा : मनाने. मामा खिडकीखाली येऊन ओरडला, "दाजी, जाऊ का?" मी म्हटलं, जा बिनधास्त.

मुलगी : आई तर म्हणते, तुम्ही अडवलंत, तोच हट्टाने गेला.

बाबा : तिला मी तसं सांगितलं.

मुलगी : बाबा! इतकी वर्षं? ती अजून शिव्या घालते त्याला. मरायचीच घाई होती म्हणते.

बाबा : ऐकतो ना मी रोज. मला नंतर काय ते बोल. चाळीस बोटी आहेत, आधी फोन लाव.

मुलगी : हॅलो, मास्तर? एकही बोट सोडू नका. बावटा चढवतेय.

बंदरमास्तर : पुन्हा? ताई, डोकं ठिकाणावर आहे का? आकाश बघा जरा! मी सांगायला गेलो तर लोक मलाच पाण्यात ढकलतील.

मुलगी : पारा एकोणीस उतरलाय.

बंदरमास्तर : कचेरीचा माणूस म्हणाला, तुमचं यंत्र बिघडलंय. मी सोडतोय बोटी.

बाबा : दे इकडे. मास्तर, मी बोलतोय.

बंदरमास्तर : काका, तुम्ही तरी समजवा तिला.

बाबा : अठ्ठ्याहत्तरला माझ्या मेहुण्याबरोबर तुझे वडील बुडाले, त्या दुपारी पारा एकवीस उतरला होता. मी यंत्र खोटं ठरवलं आणि वहीत खोटा आकडा लिहिला. बावटा चढवला नाही. आज तसाच उतरलाय.

मुलगी : बाबा, काय म्हणतायत?

बाबा : धक्क्यावर ओरडतोय, ऐक.

बंदरमास्तर : ...ए, दोर बांधा रे! इंजिनं बंद करा! सगळ्यांची! पोरांना घरी पाठवा! ...काका.

बाबा : बोल.

बंदरमास्तर : तिथेच थांबा. मी येतोय वर.

मुलगी : बावटा चढवून आले. बाबा, समुद्राकडून अंधारून आलंय, एवढ्यात! आणि मास्तर पळत सुटलेत इकडे. तुम्ही मागच्या जिन्याने निघा. मी बघते त्यांच्याकडे.

बाबा : नको. येऊ दे त्याला. तो पोचेपर्यंत तुझ्या आईला फोन लावून दे. तिचा भाऊ हट्टी नव्हता, मला विचारून गेला होता, एवढं मला सांगायचंय.