हलक्या बोटांची बाई

(सन १९३१. लोणावळ्याजवळ वळवणची शाळा, मधली सुट्टी. झुंबरबाई सुईण हातात चिठ्ठी घेऊन मास्तरांच्या टेबलासमोर उभी.)

झुंबरबाई : बसायला आले न्हाई मी. आदी ह्ये वाचा. काय लिवलंय तुमी माज्याबद्दल?

मास्तर : मावशी, मडमेच्या बाळंतपणाचं काम तुम्हाला मिळावं म्हणून लिहिलेली शिफारस ही. काल वाचून दाखवली होती की. बाई हलक्या हाताची आहे. तेच इंग्रजीत. हातापेक्षा बोटं नाजूक, म्हणून मी 'हलक्या बोटांची' केलं. लाईट-फिंगर्ड. दोन शब्द, मध्ये आडवी रेघ, झालं एक विशेषण.

झुंबरबाई : ती रेघ मला लय म्हागात पडली. बंगल्यावरल्या मडमेनं चिठ्ठी वाचली आन् माज्याकडं बघतच ऱ्हायली. मग बटलरकडनं माजं गठुडं सोडवलं. माळ्यादेखत, आयादेखत. बाळंतशेपा, तेलाची बाटली, माजं जुनं लुगडं, समदं फरशीवर.

मास्तर : काहीतरी गैरसमज झाला असेल.

झुंबरबाई : ताजुद्दीन बटलरला इचारलं. त्यो बिचारा खाली बघून बोलला, मावशी, ह्याचा अर्थ चोर.

मास्तर : बटलरला काय कळतं व्याकरण? थांबा, कोश आहे इथं. एल... एल आय... हं.

झुंबरबाई : काय म्हनतंय पुस्तक?

मास्तर : ताजुद्दीन बरोबर बोलला.

झुंबरबाई : तुमच्या मंडळींची सुटका म्याच केली. डागिन्यांचा डबा उशाला उघडा व्हता. मी हात धुतले, पोर तुमच्या वटीत घातलं आन् घरी गेले. चाळीस वर्सं लोकांच्या माजघरात वावरते, कुनाचा एक मणी हिकडचा तिकडं झाला न्हाई. तुमी एका वळीत समदं घालवलं.

मास्तर : नवी चिठ्ठी देतो. आत्ता लिहितो, नीट कोश बघून.

झुंबरबाई : कागुद नगं. माज्यासंगं चला. मडमेम्होरं तोंडानं सांगा, माळ्याला आन् आयालाबी बलवून.

मास्तर : सगळ्यांसमोर? मावशी, मास्तरला इंग्रजी येत नाही म्हणतील. उद्या गावभर होईल.

झुंबरबाई : माजं गठुडं बी समद्यांसमोरच सोडलं.

मास्तर : ...शाळा सुटली की येतो.

झुंबरबाई : मी हितंच थांबते. 'माजी चूक झाली' ह्याला हायती का इंग्रजीत शब्द?

मास्तर : आहेत.

झुंबरबाई : लय अवघड हायती?

मास्तर : शब्द सोपे आहेत, मावशी.